वर केलेले हात

आमच्या डोंगराळ नारीन खोऱ्यात अनारकुलच्या नुसत्या शब्दावर गावातल्या वीस बाया लोकरीचे नमदे, म्हणजे लोकर थापून केलेले जाड गालिचे, बनवायच्या. एकदा परदेशातला व्यापारी आला. नमुने बघून म्हणाला, "फार सुंदर! आम्हाला हे हवेच." जेवणानंतर अनारकुलच्या म्हाताऱ्या सासऱ्याने कामाला दुआ दिली. सगळ्यांबरोबर त्या पाहुण्यानेही हात वर केले, तोंडावरून फिरवले. आमच्यात असे हात उठले की सौदा पक्का. बाया दुसऱ्याच दिवशी कामाला लागल्या. बोटं सोलपटली, तेव्हा कुठे चाळीस नमदे झाले. मग त्याचं पत्र आलं, की आम्ही फक्त कौतुक केलं होतं, मागणी दिलीच नव्हती.

"अगं, पण त्याने हात वर केले होते!" अनारकुल म्हणाली.

"मग ते हातच विक बाजारात!" शेजारीण फणकारली. विसांतल्या सहाच बाया तिच्याबरोबर कामाला उरल्या. अनारकुलचं काय चुकलं होतं?

दोन वर्षांनी दुसरा व्यापारी आला. सासऱ्याने दुआसाठी हात उचलले, तसे त्यानेही उचलले. अनारकुलने त्याचे हात धरून खाली ओढले.

"राहू द्या साहेब. आधी सही."

म्हाताऱ्याचे हात तसेच हवेत राहिले. तेव्हापासून तो तिच्या हातचं जेवला नाही.