नववा शुक्रवार

त्या संध्याकाळी सरोजवर मी इतकी भडकले, की हातातली शिऱ्याची वाटी आपटलीच टेबलावर.

सरोज तुस्कानो विकास नगरमधली माझी शेजारीण. मूळची वसईची, कॅथलिक. लखनऊत कानावर मराठी पडलं की मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं, त्यामुळे आमची गट्टी लगेच जमली. तिची सासू सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली. नवरा सुधीर अमौसीला विमानतळावर, ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. मुलगा यश पुण्यात. फोनवर ‘मम्मी, कोई नर्स रख लो ना’ म्हणायचं की झालं त्याचं कर्तव्य! नर्स चार आल्या, म्हातारीने चारही पळवून लावल्या. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं सरोजच्याच गळ्यात. सहा वर्षांत ही बाई आंबे घ्यायला म्हणून मलिहाबादपर्यंतसुद्धा गेली नाही. मला तर त्या घरात अर्धा तास बसलं तरी गुदमरायचं.

बाहेरच्या खोलीत दोन तसबिरी होत्या. एक येशूची, छातीवर हृदय, त्याला काट्यांचा वेढा, वर ज्वाळा. दुसरी त्याच्या आईची, मरियेची, तिच्या हृदयात तलवार घुसलेली. पहिल्यांदा बघून मी म्हटलं, ‘अगं, भीती नाही वाटत?’

‘उलट बरं वाटतं, विभाताई,’ ती म्हणाली. ‘आपण सगळे दुखणं आत दडपतो. ह्यांनी ते उघडं ठेवलंय. दुखतंय, तरी प्रेम करतायत. त्यांच्यासमोर मला काही लपवावं लागत नाही.’

तिला नऊ पहिले शुक्रवार करायचे होते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जायचं, कम्युनियनचा प्रसाद घ्यायचा, तोही पाप मनात न ठेवता, असं ओळीने नऊ महिने. जो करील त्याला मरतेवेळी येशूचं हृदय एकटं सोडत नाही, अशी त्यांची श्रद्धा. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

‘म्हणजे आमचे सोळा सोमवारच की!’ मी म्हटलं.

पण सरोजची गाडी कधी पाचाच्या पुढे गेली नव्हती. नेमका शुक्रवारी म्हातारीला ताप तरी यायचा, नाहीतर सुधीरची ड्यूटी बदलायची. शेवटी मीच वैतागून म्हटलं, ‘मी बसते तुझ्या सासूजवळ. तू नीघ.’ आणि बसले की! आठ शुक्रवार त्या म्हातारीची बोलणी खाल्ली. दलिया गरम आहे, गार आहे, तुझा हात खरखरीत आहे. पण सरोज हजरतगंजच्या चर्चमधून परत यायची तेव्हा चेहरा असा निवळलेला असायचा, की मला सगळं वसूल झाल्यासारखं वाटायचं.

नवव्या शुक्रवारी मी शिरा करून नेला. व्रताचं उद्यापन नको? ती आली, चपला काढल्या, खुर्चीत बसली.

‘झालं एकदाचं!’ मी वाटी पुढे केली.

‘मी कम्युनियन घेतलं नाही.’

तेव्हा ती वाटी आपटली मी. ‘काय डोकंबिकं फिरलंय का तुझं? नऊ महिने मी काय गंमत म्हणून बसले इथे?’

सरोज अगदी हळू बोलू लागली. ‘काल आईंना दलिया भरवताना ठसका लागला. श्वास अडकला. डोळे पांढरे झाले. आणि मी नुसती उभी राहिले, विभाताई. चमचा हातात धरून. मग थोपटली पाठ.’

मी घाईघाईने म्हटलं, ‘अगं, घाबरली असशील. हात नाही चालत अशा वेळी.’

‘घाबरले नव्हते. सुटले, असं वाटलं होतं.’

‘मग तुमच्यात फादरला सांगून मोकळं होता येतं ना? सांगायचंस आणि घ्यायचंस कम्युनियन!’

‘रांगेत उभी होते मी पापनिवेदनाच्या. माझ्यापुढे एकच बाई उरली होती, तेव्हा परत फिरले.’ तिने माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे ठक्क. ‘सांगायचं तर पश्चात्ताप व्हायला हवा. मला पश्चात्ताप होतोय तो पाठ थोपटल्याचा.’

मी तिचा हात धरला. तो माझ्या हाताहूनही खरखरीत होता.

आतून म्हातारीने हाक मारली, ‘सरोज, कूस बदल गं.’

‘आले, आई,’ म्हणत तिने माझ्या हातातून हात सोडवून घेतला.