दसरूच्या दगडाला खांदा

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. मी फौजेत नायक होतो, काश्मीरमध्ये युद्धबंदी रेषेवरच्या एका पोस्टवर. आपला जिल्हा तेव्हा चांदा. कंपनीत त्या जिल्ह्यातले आम्ही दोघेच. मी अहेरीकडच्या धानाच्या गावचा, आणि सिपाही दसरू एटापल्लीच्या जंगलातला माडिया गोंड. बाकीचे आम्हाला 'जंगलवाले' म्हणून चिडवत. दसरू हसून सोडून देई. मी भांडायला उठत असे.

पोस्टवरचा दिवस ठरलेला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे बंदूक घेऊन मोर्चात उभं राहणं, मग चहा, मग टेलिफोनची तार तपासायला गस्त. त्या सकाळी माझ्या सेक्शनची पाळी होती. दसरू स्काउट, सगळ्यांत पुढे. नाल्याच्या वळणावर त्याच्या पायाखाली सुरुंग फुटला.

वायरलेसवर मी कळवलं, "एक जखमी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"समोरून फायर आहे. अंधार पडेपर्यंत थांबा. ओव्हर."

आम्ही थांबलो. पट्टी भिजली की मी दुसरी बांधत होतो. दुपारी दसरूने माझं मनगट धरलं.

"आमच्यात मेल्यावर दगड उभा करतेत. भावानं खांद्यावर आणा लागते. मले भाऊ नाई."

"बोलू नको."

"तू आणजो."

"आणीन."

स्ट्रेचर आलं तेव्हा तो गेला होता. त्याला अग्नी पोस्टच्या खालीच दिला. घरी पाठवायला त्याची पेटी तेवढी उरली.

पुढची सुटी मला बहिणीच्या, गिरजाच्या लग्नासाठी मिळाली होती. सोयरीक चामोर्शीला ठरलेली. पण मी आधी पेटी घेऊन दसरूच्या गावी गेलो. त्याच्या बापाने, लालसूने, दगड डोंगरात पाहून ठेवला होता. वेलांनी लांब लाकडी बल्लीला बांधून आम्ही तो खाली आणला. पुढचा खांदा माझा. मी डोकं भादरलं, सुतक पाळलं, त्यांच्या पंगतीला जेवलो.

बातमी माझ्याआधी माझ्या गावात पोचली. चावडीवर माणसं जमली. ज्यांनी भरतीला जाताना मला हार घातले होते, तेच पाठ फिरवून बसले होते. पाटलांचा स्वर मात्र मऊ होता.

"चुकलो म्हण. नारळ फोड. इथीच मिटवू."

"काय चुकलो, भाऊ?"

"गोंडाचं सुतक पाळलं तू. आपल्यात असं कोण करते?"

"भाऊ मेल्यावर आपल्यातही पाळतेत."

मागून कोणीतरी म्हणालं, "पलटणीत जाऊन बाटला." संताप आला, तरी मी भांडायला उठलो नाही. पण चुकलो हा शब्द तोंडातून निघेना. तो काढला असता तर नाल्यात दिलेला शब्द खोटा ठरला असता.

चामोर्शीचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. सोयरीक मोडली. गिरजा चुलीपुढे बसली होती, माझ्याकडे न बघता बोलली.

"एक शब्द म्हटला असता तं तुह्यं काय गेलं असतं, दादा? भोगा लागन मलेच."

पुढे ती सिरोंच्याला एका बिजवराच्या घरी गेली. रक्षाबंधनाला तिची राखी कधी आली नाही, आणि मला तिचा राग करता आला नाही.

पेन्शनीत आलो तरी गावातली लग्नाची बोलावणी माझ्या दारावरून पुढे जात. दसरूच्या गावी मात्र मी दरवर्षी जात राहिलो. शेवटच्या भेटीत लालसू मला पायवाटेवरच्या दगडांच्या रांगेकडे घेऊन गेला. दसरूच्या दगडाशेजारची झुडपं त्याने तोडून ठेवली होती.

"इथी तुहा दगड लागन," तो म्हणाला.

"खांद्यावर आणन कोण, बाबा? माहा भाऊ तं हा दसरू."

लालसू त्याच पावसाळ्यात वारला. दसरूशेजारची जागा अजून मोकळी आहे.