हिवरगव्हाण, दोन मैल

पडदा वर जातो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशीची बोंडं फुटलेली. मधून वलगावहून दर्यापूरकडे जाणारा गिट्टीचा रस्ता. उजव्या हाताला एक गाडीवाट फुटते आणि तिच्या तोंडाशी चुना फासलेला दगड उभा आहे: ‘हिवरगव्हाण, दोन मैल.’ दगडाला टेकून, वांग्यांची आणि शेवंतीची टोपली पुढ्यात घेऊन बसली आहे ती मैनाबाई. अजूनही डोळे मिटले की मला ती तशीच दिसते.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्या काळची ही गोष्ट. आमची नाटक कंपनी बैलगाड्यांनी अमरावती, दर्यापूर, अकोला असा फेरा करायची आणि मी राणीची कामं करायचो. पहिल्या वर्षी हा दगड वाचून आमच्या गाड्या आत वळल्या. वाटलं, गाव आहे, पाणी मिळेल, जमलं तर एखादा प्रयोगही होईल.

“ओ गाडीवाले, बैलं फिरवा!” मैनाबाई ओरडली. “नाटक कोनाले दाखवता तिकडं? निंबाले?”

“मंग हा दगड कावून हाय?” आमचा गाडीवान नत्थुजी चिडला.

“सरकारनं गाडला. गाव उठलं, हे त्याले कोनी सांगतलंच नाई.”

हिवरगव्हाण तिचं माहेर. मानमोडीच्या साथीत अर्धं गाव दगावलं. उरलेली माणसं चांदूरला, वलगावला, जिथं नातं होतं तिथं पांगली. मैनाबाई तेव्हा वलगावला सासरी नांदत होती. पुढे मळ्यातला माल घेऊन ती बाजार सोडून या फाट्यावर बसू लागली. तिला वाचता येत नव्हतं. कोणी दगडावरचं नाव मोठ्याने वाचलं की तिचा चेहरा उजळायचा, आणि मग त्यालाच ती परत फिरवायची. उन्हात कोणाची खेप फुकट जाऊ नये म्हणून.

दरवर्षी वेणीसाठी मी तिच्याकडूनच शेवंती घ्यायचो. “राणीसाहेब, दाढी तं करून याची होती,” असं म्हणून ती दोन फुलं जास्त टाकायची.

असंच एकदा कार्तिकात आम्ही फाट्यावर आलो, तर रस्त्याचे ओव्हरसियर भगवंतराव सायकल धरून उभे होते. सोबत दगड उखडायला सब्बल, म्हणजे पहार, घेतलेले दोन मजूर.

“बाई, गाव नाही हे तुम्हीच तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता,” भगवंतराव म्हणाले. माणूस सभ्य होता. “मग लोकांना फसवायला हा दगड कशाला ठेवायचा?”

मैनाबाई उठली आणि दगडाला पाठ लावून उभी राहिली. “घ्या! माह्याच तोंडानं माहं माहेर चाल्लं.” मग तिने विचारलं, “साहेब, किती घरं असली म्हंजे तुमी गाव म्हनता?”

भगवंतराव हसले. “एक चूल तरी पेटायला हवी, बाई.”

“मंग संक्रांतीपरेंत थांबा.”

माय एकटीच हिवरगव्हाणात राहायला निघाली हे ऐकून तिचा मुलगा खुशालराव हादरलाच. “माय, लोक म्हनतीन, पोरानं हाकललं!”

“मंग तू बी चाल संग,” ती म्हणाली, आणि गेली. तिच्या बापाची विहीर गाळाने बुजली होती. ती शेवटी खुशालरावानेच उपसून दिली.

माघात आम्ही अकोल्याहून परतलो. दगड जागेवर होता, मैनाबाई नव्हती. आम्ही मुद्दाम आत वळलो. निंबाखाली एक झोपडी, छपरातून धूर, वाफ्यात वांगी. तिने आमच्या पायांवर पाणी घातलं आणि गाव दाखवायला निघाली. गुडघाभर गवताखेरीज तिथं काही नव्हतं.

“हे रामरावाचं घर. वाका, दार ठेंगनं हाय.”

आम्ही सगळे वाकलो. जन्मभर रंगवलेल्या दारांतून ये-जा करणारी आम्ही माणसं, पण तसं दार मला रंगमंचावर कधी भेटलं नाही.

“अन् इथं जयवंता, माही सई. इथंच आमी पोरी भुलाबाई मांडून गानी म्हनत होतो.” तिथे ती थांबली. आतून कोणी हाक देईल असं तोंड करून उभी राहिली. आम्हीही उभे राहिलो.

त्यानंतर काही वर्षं ती तिथेच राहिली. भगवंतराव अधूनमधून येत, चहा घेत, आणि दगडाला नवा चुना फासायला सांगून जात.

शेवटच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा झोपडीपुढे खुशालरावाची गाडी जुंपलेली होती. म्हातारीचा ताप हटत नव्हता, म्हणून तो तिला वलगावला न्यायला आला होता. तिने नाही म्हटलं नाही. लुगडं बदललं, विहिरीत डोकावली, निंबाला हात लावला आणि मागे तोंड करून गाडीत बसली. मग लेकी सासरी निघताना रडतात तशी मोकळ्या गळ्याने रडली. खुशालराव बैलांचे कासरे धरून मान खाली घालून उभा. मलाही आवरेना. तिने पदराने डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं, आणि हसली.

“राणीसाहेब, पुरे आता. पोर सासरी गेली म्हून गाव उठते काय?”