हस्तीमलशेठचा ईसीजी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता दमलोय — म्हणून तुम्हाला सांगतो.

मी मंचरचा डॉक्टर. हस्तीमलशेठ इथले कांदा-बटाट्याचे व्यापारी. त्यांना हार्ट अटॅक आला तेव्हा माझ्याच दवाखान्यात मी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, आणि ते वाचले. मग शेठ गावभर सांगत सुटले — डॉक्टर म्हणजे देवमाणूस! मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? फार आवडायचं.

काही महिन्यांनी शेठ पत्नीला घेऊन आले. पर्युषण तोंडावर होतं. शेठना अठ्ठाई करायची होती — आठ दिवस उपवास, नुसतं उकळलेलं पाणी, तेही दिवसाच. "तुमी हो म्हणा, डॉक्टरसाहेब," शेठ म्हणाले, "मग मी कुणाचं ऐकत न्हाई."

मी ईसीजी काढला. अटॅकच्या वेळी वर चढलेली रेष एव्हाना खाली यायला हवी होती. ती तशीच वर होती. याचा अर्थ शिकाऊ डॉक्टरलाही कळतो — हृदयाची भिंत एका जागी मेलेली, बहुधा फुगलेली, आणि पुढे जिवाला धोका. पुण्याला पाठवायला हवं होतं. उपवासाचं तर नावच नको. शेठ त्या दिवसांत गोळ्याही घेणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग बोललो का नाही? ते दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते — आणि मला देवमाणूसच राहायचं होतं. तुम्ही अजून बरे नाही आहात, एवढं साधं वाक्य... निघेना. मी म्हणालो, ईसीजी छान आहे. करा अठ्ठाई.

पारण्याआधीच शेठ गेले. जैन स्थानकात, बसल्या जागी. अचानक झालं, असं मीच सगळ्यांना सांगितलं. पुण्यवान मरण, लोक म्हणाले. मी मान डोलावली.

यंदा शेठच्या पत्नी, भाभी, एकट्याच आल्या. शेठची अर्धी राहिलेली अठ्ठाई त्यांना पुरी करायची होती. "तुमी त्यांना लई जपलं," म्हणाल्या. "तुमी सांगाल तसं करीन."

त्यांचा ईसीजी काढला. काही दोष नव्हता — रक्त, साखर, सगळं ठीक. आणि मी म्हणालो, भाभी, तुमच्या हृदयाला झेपायचं नाही. का म्हणालो? भ्यायलो, दुसरं काय. त्यांचे डोळे भरून आले. हात जोडले, उठल्या, घरी गेल्या. त्यांनी उपवास धरला नाही.