कोळशाच्या बोटीवाले आप्पा

लग्नाला गेले की आप्पा आधी स्वयंपाकघरात जायचे. मांडवात वाजंत्री चाललेली असायची, नवरा-नवरी अंतरपाटामागे उभी असायची, आणि पांढऱ्या टोपीतला हा माणूस तिकडे आचाऱ्यापुढे हात जोडून विचारायचा, "काय, जाळ नीट लागलाय न्हवं?" आचारी बिचकायचे. त्यांना वाटायचं, मुलीकडचं कुणीतरी तक्रार घेऊन आलंय! आप्पा चुलीपाशी घटकाभर उभे राहायचे, पोळ्या भाजणाऱ्या बायकांना "दमलासा काय?" म्हणून विचारायचे आणि मग सावकाश अक्षता टाकायला निघायचे. तोवर मंगलाष्टका संपलेल्या असायच्या. काकू, म्हणजे आप्पांची बायको, दर लग्नात कपाळावर हात मारून घ्यायच्या.

बेळगावच्या अनगोळात आमच्याच गल्लीत त्यांचं घर. संकेश्वरकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर सगळी नोकरी काढून ते निवृत्त झाले होते. तेव्हा गल्लीनं त्यांना बॉयलर आप्पा म्हणायला हवं होतं. पण नाव पडलं 'बोटवाले आप्पा'. आता ज्या माणसानं उभ्या जन्मात होडीत पाय ठेवला नाही, ज्याला पोहता येत नव्हतं, त्याला बोटवाले म्हणायचं म्हणजे कमालच! पण आप्पांना वेडच तसं होतं. कोळशाच्या बोटींचं.

या बोटी म्हणजे काय ते सांगून टाकते, नाहीतर आप्पा वरून रागावतील. पूर्वी लढाऊ जहाजं वाफेवर चालत. वाफेला कोळसा हवा, आणि तो जहाजाच्या पोटात मावून मावून किती मावणार? थोड्या दिवसांत संपायचा. म्हणून आरमाराच्या मागोमाग कोळसा भरलेल्या बोटी जायच्या. त्यांना ना तोफा, ना मान. एखादी शांत खाडी बघून जहाजाला खेटून उभं राहायचं, पोती वर द्यायची आणि पुन्हा कोळसा आणायला मागं फिरायचं. कॅम्पातल्या एका रद्दीवाल्याकडे आप्पांना एक फाटकं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. त्यात एक फोटो होता. डोक्यापासून पायापर्यंत काळी झालेली माणसं पोत्यांवर बसून हसताहेत. "अगं, ही तर आमच्या पाळीतली माणसं की गं!" असं म्हणून आप्पांनी तो फोटो गल्लीभर दाखवला. त्या एका फोटोपायी हा माणूस साठीनंतर डिक्शनरी घेऊन इंग्रजी शिकला.

"लढाई कुणी जिकली त्ये सगळी लिवत्यात. कोळसा कुणी घातला त्ये कोण लिवतंय?" हे त्यांचं पालुपद. कुणी बढाई मारायला लागलं की आप्पा शांतपणे विचारायचे, "बरं, कोळसा कुणी घातला?" गल्लीच्या टीमनं क्रिकेटची ढाल आणली तेव्हा कॅप्टनला हाच प्रश्न. बिचारा गोंधळला. शेवटी पहाटे उठून मैदानावर रोलर ओढणाऱ्या माणसाला शोधून आणून आप्पांनी त्याच्या गळ्यात हार घातला. मी बी.एड.ला पहिल्या वर्गात आले तेव्हा आप्पा कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईचा, पुडा घेऊन आले आणि माझ्या समोरून सरळ आत जाऊन तो आईच्या हातात दिला. डबे तिनं भरले होते म्हणे! पास मी झाले आणि कुंदा आईला! मला त्या दिवशी इतका राग आला होता की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

एकदा घरच्यांनी त्यांना गोव्याला नेलं. सगळे समुद्रात डुंबायला गेले आणि आप्पा गायब. शेवटी सापडले वास्कोला, बंदराच्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीत. लांबवर कोळशाचं जहाज लागलं होतं, ते बघत बसले होते. काकू नातेवाइकांना सांगायच्या, "ह्यांनी गोव्यात काय बघितलं म्हणून विचारा. कोळसा!"

बी.एड. होऊन मी शाळेत लागले आणि आप्पांना फुकटची मास्तरीण मिळाली. "शुद्धलेखन तेवढं बघ गं," म्हणून ते वह्या आणून द्यायचे. वीस वर्षं ते लिहीत होते. खोडून, पुन्हा लिहून, शेवटी त्यांचा एक मोठा लेख झाला. आता त्यांची एकच इच्छा होती, की हा लेख एकदा चार माणसांनी बसून ऐकावा.

आमच्या सीमाभागात गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी हलगी-लेझीम लावून ग्रंथदिंडी, मग भाषणं, आणि दुपारी आल्यागेल्या सगळ्यांना जेवण. आप्पा दरवर्षी एका गावच्या मंडळींकडे अर्ज द्यायचे. ते म्हणायचे, "आप्पा, विषय चांगला हाय, पर हितं समुद्र कुठाय?" आप्पा उसळून म्हणायचे, "चंद्रावर तरी कोण गेलतं? त्येच्यावर कविता वाचत्यात न्हवं?"

मग एक वर्ष डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली आणि ऑपरेशन सांगितलं. आप्पा मला म्हणाले, "यंदा न्हाय तर कवा गं?" मी त्या मंडळींच्या दारात जाऊन बसले, भांडले, आणि जेवणाच्या आधीची वीस मिनिटं मिळवली. आप्पांनी नवा कोट शिवला. महिनाभर गच्चीवर मोठ्यानं वाचायचा सराव केला. काकूंना तो लेख पाठ झाला!

संमेलनाच्या दिवशी आप्पा पहिल्या रांगेत कोट घालून बसले होते. मी शेजारी. ते लेखाचे कागद पुन्हा पुन्हा लावून बघत होते. तेवढ्यात मांडवामागून धूर यायला लागला. गॅसच्या टाक्या आणणारी गाडी वाटेत बंद पडली होती, भात अर्धकच्चा होता, आणि ऐन वेळी मिळालेली लाकडं ओली. आप्पांनी नाक वर केलं. "जाळ मरतोय," एवढंच म्हणाले आणि उठले. मला वाटलं, बघून येतील. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. इकडे व्यासपीठावरून त्यांचं नाव पुकारलं. आणि एक स्वयंसेविका धावत आली, माझ्या हातात लेखाचे कागद कोंबले. "आप्पांनी सांगितलंय, तुम्ही वाचा. त्यांना यायला जमणार नाही."

मी चिडले हो! वीस वर्षं ज्याच्यासाठी हा माणूस झिजला, ती वीस मिनिटं त्यानं भातासाठी घालवावी? पण नाव पुकारलेलं होतं. मी वर गेले आणि घुश्शातच वाचायला लागले. लोक भुकेले, चुळबुळत होते. त्यात मागं स्वयंपाकाच्या बाजूला सकाळच्या दिंडीतली हलगी वाजायला लागली. आता ही काय अवदसा, असं मनात म्हणत मी पान उलटलं आणि वाचलं, "कोळसा भरताना माणसांचे हात थकू नयेत म्हणून जहाजावरचा बँड वाजत असे. साहेब लोकही पोती ओढत, आणि थोड्याच वेळात साहेब कोण नि खलाशी कोण, ते ओळखू येत नसे."

मी थांबले. हलगी चाललेली होती. मांडवाची एक कनात उचललेली होती, तिथून दिसत होतं. कोट काढून आप्पा चुलीसमोर उभे, हातानं इशारे करताहेत. हलगीच्या ठेक्यावर गावातल्या घरांतून आणलेली कोरडी लाकडं हातोहात पुढे येताहेत. त्या रांगेत गावचे मास्तर होते, स्वागताध्यक्ष होते, एक कवीसुद्धा होता. धुरानं नि काजळीनं सगळे काळे! आधी पुढची रांग हसली, मग सगळा मांडव. टाळ्या थांबेनात. त्यानंतर कुणी चुळबुळलं नाही. जेवण तयार असल्याचा निरोप आल्यावर अध्यक्षांनी घंटी वाजवली, म्हणून मी शेवटची दोन पानं गाळली आणि उरकलं.

पंगती उठल्यावर मी मागं गेले. आप्पा एका उलट्या पातेल्यावर बसले होते. मी कडकडून भांडायचं ठरवून गेले होते, पण तोंडातून निघालं, "लोकांना लई आवडलं, आप्पा."

"व्हय? ऐकलो की मी, भोंग्यावर," ते म्हणाले. "दोन पानं गाळलीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पा हसले, म्हणाले, "बस हितं. आता वाच." स्वयंपाकाच्या बायका ताटं घेऊन नुकत्या जेवायला बसत होत्या, हलगीवाले होते. त्यांच्यासमोर मी ती दोन पानं वाचली. कोळशाच्या बोटीवरची माणसं कशी दिवसभर खपायची, रात्री अंगावरची काळी पुटं धुऊन कशी झोपायची, ते सगळं त्यात होतं. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि माझ्याही.

वाचून झाल्यावर भाकरीचा तुकडा हातात धरून गंगाक्का नावाच्या मुख्य आचारीणबाई म्हणाल्या, "सगळं खरं आप्पा. पर त्या काळ्या झालेल्यास्नी जेवाण कोण करून घालत हुतं?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, कागदांकडे बघितलं. मग मांडीवर थाप मारून असे हसले, असे हसले की काकू पाणी घेऊन धावल्या. "आयला! वीस वर्सं झाली, ह्येच हुडकायचं ऱ्हायलं की गं!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी वही आणली. ऑपरेशन ते पुढे ढकलत राहिले, आणि पुढच्या वर्षी थंडीत एका दुपारी गेले. काकूंनी ती वही मला दिली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'कोळशाच्या बोटीवरचे स्वयंपाकी'. खाली पुस्तकांची नावं आणि त्यांवर काट मारलेली. शेवटी एकच ओळ: "अजून एकाचंही नाव मिळालं नाही. मिळाल्यावर गंगाक्काला सांगणे."

गंगाक्का मला बाजारात भेटतात. भाजीची पिशवी खाली ठेवून दरवेळी विचारतात, "घावला काय गं?"

"न्हाय अजून," मी म्हणते. "हुडकायला लागलेय."