तातेराव सरांचं इंग्रजी

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या तांड्यावरच्या शाळेत तातेराव सरांचा इंग्रजीचा तास सुरू झाला, की शेजारच्या खोलीतला माझा मराठीचा वर्ग बंद पडायचा. टेबलावर पट्टी आपटून सर ओरडायचे, "धिस इज माय इस्कूल!" पोरं त्याच्या दुप्पट ओरडायची. मी चिडून मधली खिडकी धाडकन लावून घ्यायचे.

मग एक साहेब तपासणीला आले. सरांचं वाचन ऐकून ते हसले, बरोबरच्या माणसाने व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या तालुक्यात फिरला. हसणाऱ्यांचा मला अजून राग येतो. त्या दिवसापासून सरांनी वाचणंच सोडलं. फळ्यावर लिहायचे आणि वाचायला मोबाइल लावायचे. मोबाइलमधली बाई काय गुळगुळीत बोलायची! तिच्यामागे म्हणायची एकाही पोराची हिंमत होत नव्हती. खिडकी लावायची गरजच उरली नाही.

परवा लखमा राठोडांची दिपा सुटीवर आली, ती सरांना भेटायला शाळेत आली. सरांचीच विद्यार्थिनी, आता इंग्लंडच्या उत्तरेकडे दवाखान्यात नर्स आहे. सर म्हणाले, "आज तूच वाच बाई. तुझं तिकडलं, अस्सल. आमचं काहून ऐकवायचं लेकरांना?"

"तिकडलं म्हणजे कुठलं, सर? माझ्या वॉर्डातले एक आजोबा, तिथलेच गोरे, 'बस'ला 'बुस' म्हणतात. आधी मला त्यांचं कळत न्हवतं, त्यांना माझं. लंडनकडचे डॉक्टर हसतात त्यांना."

"मंग गप बसत असतील बिचारे."

"कशाचे गप! दिवसभर बोलून राहतात."

तास सुरू झाला, तसा सरांचा हात सवयीने मोबाइलकडे गेलेला मला मधल्या अर्धवट उघड्या खिडकीतून दिसला. दिपा पोरांमध्ये सतरंजीवर बसली होती. तिने तिथूनच आवाज लावला, "धिस इज माय इस्कूल!" हुबेहूब सरांच्या चालीत.

सरांचा चेहरा पडला. "तू बी चिडवतीस व्हय?"

"न्हाई सर. वॉर्डात धावपळ झाली की माझ्या तोंडून असंच निघतं. त्यांना बराबर कळतं."

सरांनी मोबाइल खिशात टाकला आणि टेबलावर पट्टी आपटली. पहिली ओळ घोगरी आली. दुसरीला पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

माझा वर्ग पुन्हा बंद पडला. पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी उठले आणि खिडकी सताड उघडली.