सारजाबाईचं सूप

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या कामगार वसाहतीत सारजाबाई तेवीस वर्षं बिड्या वळत आली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री आणि तेंदूची पानं, एवढ्यावर तिनं नवऱ्यामागं संसार रेटला. एका गोष्टीला मात्र ती हटून बसली होती. एकुलत्या एक पोरीनं, अंकितानं, सुपाला हात लावायचा नाही. लावला तर पाठीत धपाटा ठरलेला.

अशी ही बाई दिवाळीपासून दोन पायऱ्या चढली तरी धापा टाकू लागली. तपासलं तर हिमोग्लोबिन सात. चार महिने लोहाच्या गोळ्या खाल्ल्या, एक चुकवली नाही, आणि पुन्हा तपासलं तर सातच. मग वसाहतीतल्या डॉक्टरांनी सोलापुरात मोठ्या दवाखान्यात जाऊन रक्ताची पुढची तपासणी करायला सांगितली. झालं, सारजाबाईनं स्वतःच निदान करून टाकलं. माढ्याला दिलेली तिची धाकटी बहीण रक्ताच्या कॅन्सरनं गेली होती, तीही अशीच पांढरीफटक पडली होती. तपासणीला रक्त देऊन आली त्याच संध्याकाळी तिनं अंकिताचं बारावीचं पुस्तक मिटलं आणि सूप पोरीच्या मांडीवर ठेवलं. आपल्यामागं तिच्या पोटाला काहीतरी हवं ना! अंकितानं कात्री उचलली आणि पान कापायला लागली.

रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टर अरिबा वयानं लहान, पण समजावून सांगण्याचा कंटाळा नसलेल्या. रक्तात तीन तऱ्हेच्या पेशी असतात, त्या म्हणाल्या. पांढऱ्या रोगाशी झुंजतात, प्लेटलेट जखमेचं रक्त थांबवतात, आणि तांबड्या पेशी त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनच्या जोरावर प्राणवायू अंगभर पोचवतात.

"तुमच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ठीक आहेत, मावशी. तांबड्याच तेवढ्या लहान आणि फिक्या पडल्यात, लोह कमी आहे म्हणून. हा ॲनिमिया आहे, कॅन्सर नाही."

"मग गोळ्या का लागू पडल्या न्हाईत?"

गोळी कशी घेता, असं डॉक्टरांनी विचारलं. सारजाबाईनं ऐटीत सांगितलं. पाण्यासाठी उठलं की काम मागं पडतं. दहा वाजता शेजारची गौरम्मा चहाची किटली घेऊन येते, तेव्हा बसल्या जागी गोळी तोंडात टाकायची आणि वर कडक चहा. डॉक्टर हसल्याच. चहा लोहाला अंगात नीट शिरू देत नाही, म्हणाल्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा दोन तासांनी. पाळीत रक्त फार जातं, हेही त्यांनी विचारून काढलं आणि त्याचं औषध लिहून दिलं.

सारजाबाई बाहेर बाकावर बसून आधी पोटभर रडली आणि मग स्वतःच्याच शहाणपणावर हसली. तेवीस वर्षांत इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

घरी आली तेव्हा अंकिता सुपावर वाकलेली, बोटं तंबाखूनं माखलेली.

"आये, काय आलं रिपोर्टात?"

"तांबड्या पेशी बारीक पडल्यात. बाकी समदं धड हाय. मी कुटं जात न्हाई." धापा टाकत सारजाबाईनं सूप काढून घेतलं. "आन् तू सुपाला हात लावलास की."

असं म्हणून तिनं पोरीच्या पाठीत ठरलेला धपाटा घातला. त्यात जोर कुठला असणार, हिमोग्लोबिन अजून सातच होतं. तरी अंकिता हमसून हमसून रडली.